दुसऱ्या हाताची पोळी

कमळाबाईंनी पोळी मधोमध फाडली आणि तिचे पदर मोजले. दोन. खालचा जाड, वरचा कागदासारखा, आणि मधे तेलाचा बोटभर डाग, काठापर्यंत न पोचलेला.

चार हातांवर, गल्लीत, सुमेधा तोंडाला रुमाल बांधून उभी होती. डबा स्टुलावर ठेवायचा, मागे सरायचं, मग कमळाबाईंनी तो उचलून दार लावून घ्यायचं, असं कॉलनीच्या मदत गटाने ठरवून दिलं होतं. स्वाइन फ्लू होऊन कमळाबाई सरकारी दवाखान्यातून घरी आल्या तेव्हापासून पाच घरांतून पाळीपाळीने डबा येत होता. एक दिवस खंड पडला नव्हता. आज मात्र कमळाबाई डबा घेऊन उंबऱ्यातच बसल्या.

"उभ्या का ताई? टेका की. का कापूर संपला रुमालातला?"

सुमेधा ओशाळून हसली. कापूर-वेलचीच्या पुरचुंडीला विषाणू भीत नाही, हे तिच्याइतकं कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती. पुरचुंडी तरीही रुमालात होती.

"बरं वाटतंय ना आता?"

"ताप जाऊन वीस दिस झाले. रोज नवं माणूस येतं अन् हेच इचारतं. मी म्हणते, बरी हाय, कामाला कधी येऊ? तर म्हणतात, आधी अंगात ताकद येऊ दे. पाच घरच्या पोळ्या लाटणारी बाई मी. बसून ताकद येती व्हय?"

"अजून थोडे दिवस…"

"ही पोळी तुमच्या हातची?"

"हो," सुमेधा म्हणाली.

कमळाबाईंनी पोळीचा तुकडा उजेडात धरला. "सोमवारी मोहिनीताईंचा डबा आला. त्या बी म्हटल्या, माझ्या हातची. भाजी पाची घरची न्यारी हाय, ताई. तुमची गोडसर, त्यांची नुसता लसूण. पण पोळी एका बाईची. दुघडीची, काठाला कच्ची. कोण ठेवली?"

शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"सरिता म्हणून आहे एक," सुमेधा हळूच म्हणाली.

"कधीपास्नं?"

सुमेधाला तारीख पाठ होती. कमळाबाई दवाखान्यात गेल्या त्याच दुपारी नवी बाई मिळाल्याचा मोहिनीचा फोन आला होता. पहिला डबा भरला तोही सरिताच्याच पोळ्यांचा.

"झाले थोडे दिवस."

"मग तिला सांगा, आता आमची बाई बरी झाली."

मदत गटाच्या परवाच्या बैठकीत सुमेधाने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. सात दिवस उलटले, ताप गेला, आता कमळाबाईंपासून कुणाला काही होणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग मोहिनी म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. तुमच्यापासून सुरुवात करा. आठ दिवस तुमच्या घरी येऊ दे, मग आम्ही घेऊ." सुमेधाने चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाली, "बघते." त्यानंतर कुणीच तो विषय काढला नाही.

"तुमच्या पाच घरांनी नाय घेतलं तर मी जाऊ कुठं?" कमळाबाईंनी विचारलं. "गणपतीच्या देवळाबाहेरच्या फळ्यावर माझं नाव लिवलंय. कमळाबाईंना मदतीचा सतरावा दिवस. आता पेठ रोडचा वाणी बी साखर हातात देत नाय, खाली ठेवतो अन् लांब होतो. नवं काम कोण देईल मला?"

"नाव पुसायला सांगते मी."

"नाव ऱ्हाऊ द्या." कमळाबाईंनी तुकडा डब्यात ठेवला. "तुम्ही पोरांना शिकवता. मला खरं सांगा. माझ्या अंगात अजून ते हाय का?"

"नाही," सुमेधा म्हणाली. "काही नाही."

"मग झालं! उद्या सकाळी येते."

कमळाबाई भिंतीला हात लावून उठल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की सुमेधाने नजर वळवली. तांदूळ निवडणारी बाई आता उघडच इकडे बघत होती.

"सात वाजता येऊ का साडेसातला?"

सुमेधाने रुमालाची गाठ मागे हात नेऊन घट्ट केली.

"डबा रोज येईल, कमळाबाई," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."