पाटावरचा पाना

खंडेनवमीला सात रस्त्याच्या गॅरेजमधली हत्यारं हळदीकुंकू लावून पाटावर मांडली होती. आज त्यांना हात लावायचा नाही, हा अप्पांचा दंडक. पण दारात थरथरणारी गाडी उभीच होती, आणि अप्पांनी लेकीला बजावलं होतं, "हिची खोड सापडली न्हाय, तर दसऱ्यानंतर गॅरेज भाड्यानं देणार." उत्कर्षानं कालच प्लग बदलले होते, फिल्टर बदलला होता, तरी इंजिनाची थरथर काही केल्या जाईना. निदान पूजा तरी करू म्हणून ती उठली. बंद गाडीला कसली पूजा? तिनं इंजिन चालू ठेवून उघड्या बॉनेटखाली उदबत्ती ओवाळली. सरळ चढणारा धूर एकाएकी वाकला आणि एका रबरी नळीत शिरला. तिनं तिथल्या चिरेवर अंगठा दाबला. थरथर थांबली. "अप्पा, हितनं हवा ओढतंय की!" अप्पांनी पाटावरचा पाना कुंकवासकट उचलून तिच्या हातात दिला. "धर, मालकीण."