एक ते दोन लिफ्ट बंद

"मी असताना या विद्यापीठात एक युनिट जरी वाया गेलं ना बाई, तर मिशी उतरवून देईन," लिफ्टच्या आरशात टाय सरळ करत वीजबचत अधिकारी म्हणाले. त्यांच्या माघारी सगळे त्यांना युनिटराव म्हणायचे.

"मग जिन्याने का नाही गेलात?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

"एक वाजता माझी उपकुलसचिवपदाची मुलाखत आहे. पाचव्या मजल्यावर घामाघूम होऊन पोचू?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट गचका देऊन थांबली.

युनिटरावांनी घड्याळ पाहिलं. एकला पाच कमी. मग त्यांचा चेहरा उतरला. एक ते दोन लिफ्ट बंद, हा नियम त्यांचाच. लिफ्ट बंद-चालू करणाऱ्या शिपायाच्या टेबलावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलं होतं, तेही त्यांनीच. चालू करायची मात्र खऱ्या दोनला; तेवढीच बचत. त्यांनी धोक्याची घंटा दाबली. वाजली नाही. उगाच वीज खाते म्हणून तिची वायर काढली होती. कोणी, ते बाईंनी विचारलं नाही. नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी शिपायाला फोन लावला. "अरे, लिफ्ट चालू कर. मी आत अडकलोय."

"नाही साहेब," शिपाई खुशीत म्हणाला. "मागच्या महिन्यात तुम्ही असाच फोन केलात. मी घाईघाईने चालू केली, तर तुम्ही जिन्यामागून बाहेर आलात आणि मेमो हातात दिलात. वर म्हणालात, मी स्वतः पाया पडलो तरी दोनच्या आत चालू करायची नाही."

"तेव्हा तुझी परीक्षा घेत होतो. या वेळी खरं आहे, आईशपथ."

"तेव्हाही आईचीच शपथ घेतली होती, साहेब."

बाईंनी फोन ओढून घेतला. "अहो, मी पण आहे आत."

"बाई, तुम्हीसुद्धा त्यांना सामील?"

एकला दोन कमी. युनिटरावांची कॉलर ओली व्हायला लागली. त्यांनी फोन हिसकावला. "अरे गाढवा, आत माणूस नसता तर इथे डोक्यावर दिवा कशाला जळला असता? पंखा कशाला फिरला असता?"

शिपायाची खुर्ची करकरली.

"लिफ्ट बंद असून दिवा-पंखा चालूच? माझ्या लक्षातच नाही आलं. चुकलो साहेब."

फोनमध्ये खट्ट असा आवाज आला. आधी दिवा गेला. मग पंखा सावकाश थांबला.