कळपापलीकडचा नवरदेव

चढाच्या ऐन मध्यावर अमोसने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. समोर खडीच्या रस्त्यावर कॅरिबूची, म्हणजे बर्फाळ प्रदेशातल्या रानहरणाची, एक मादी उभी होती. शिंगं वर, नाक वाऱ्यावर. तिच्या मागे आणखी चारपाच. त्यांच्याही मागे लालसर झुडपांचा सगळा उतारच हलत होता.

“वाटाडे,” मागच्या सीटवरून त्याची बायको डॉर्कस पुटपुटली. “कळपाचे वाटाडे आलेत. इंजिन बंद कर, म्हाताऱ्या.”

“बंद केलं तर सुरू कोण करणार? तू?”

गाडी अमोसइतकी म्हातारी नव्हती, पण तिचा स्टार्टर डॉसनमध्येच गेला होता. तिथल्या लोकांनी ढकलून ती चालू करून दिली, तेव्हापासून अमोसने किल्लीला हात लावला नव्हता. ईगल प्लेन्सला पेट्रोल भरतानाही इंजिन घरघरतच होतं. पंपावरच्या बाईने शिव्या दिल्या, त्या त्याने टोपी काढून ऐकून घेतल्या. पाद्री माणूस, शेवटी ‘आमेन’ म्हणाला.

त्याची नात बर्निस शेजारी बसली होती. उद्या तिचं लग्न, नदीपलीकडे फोर्ट मॅकफर्सनला, आणि लावणारा अमोसच. पोशाख मागे प्लास्टिकमध्ये पसरलेला, केकचं खोकं आजीच्या मांडीवर. पील नदीत बर्फ वाहायला लागला होता. आज अंधार पडायच्या आत शेवटची फेरीबोट. ती चुकली की नदी गोठून वरून गाड्या जाईपर्यंत, म्हणजे पार नाताळाच्या तोंडापर्यंत, पलीकडे जाणं नाही.

मादीने कान टवकारले. एक पाऊल मागे घेतलं.

“बिथरले बघ,” डॉर्कस म्हणाली. “हे वळले की मागचा सगळा कळप वळला. मग गावाने हिवाळाभर काय खायचं? हा केक?”

अमोसने नातीकडे पाहिलं. “बर्निस, लग्न तुझं आहे. तू सांग.”

बर्निसने हात लांब करून किल्ली फिरवली.

घरघर थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच वारा ऐकू आला. मादी तशीच उभी राहिली. मग मान खाली घालून तिने रस्ता ओलांडला. मागून बाकीचे. चालताना त्यांच्या पायांतून कट्-कट् असा बारीक आवाज येत होता. गाडीत तिघंही श्वास रोखून होते. डॉर्कसचे ओठ हलत होते. प्रार्थनाच असणार, कारण नवऱ्याला बोलताना तिचा आवाज ऐकू येतो.

वाटाडे दिसेनासे झाले, आणि त्यांच्या पाऊलखुणांवरून मागचा कळप वाहू लागला. तेव्हा कुठे बर्निसला पलीकडे, चढाच्या माथ्यावर, एक निळा पिकअप दिसला. इंजिन बंद, दिवे बंद. बाजूला दोन्ही हात काखेत घालून एक उंच माणूस उभा.

“वेस्ली!” ती दार उघडून बाहेर पडली.

आता बोलायला हरकत नव्हती. अमोसने काच खाली केली. “जावईबापू, नदीच्या अलीकडे कशाला आलात?”

“तुम्हाला शोधायला!” वेस्ली कळपावरून ओरडला. “म्हटलं ते खटारं कुठेतरी बंद पडलं असेल!”

“बंद पडलं नाही, बंद केलं! फेरीबोटीचं काय?”

“बोट चालवणारा मामा म्हणाला, अंधाराआधी आलास तर आलास!”

सूर्य डोंगराआड गेलेलाच होता. नदी अजून तासाभराच्या वाटेवर. आणि कळप काही संपत नव्हता. बर्निस गाडीला टेकली. तिने हातमोज्याने डोळे पुसले, पण हळूच, पलीकडे दिसू नये म्हणून.

डॉर्कस केक सांभाळत खाली उतरली. “रडतेस कशाला? नवरा अलीकडे, नवरी अलीकडे, पाद्री अलीकडे. पलीकडे राहिलं काय?”

“लग्नाच्या जेवणाचं सूप,” अमोस म्हणाला. “आणि सगळं गाव.”

“गाव सूप पिईल. तुझा उपदेश ऐकायला लागला नाही म्हणून दोन वाट्या जास्त पिईल.”

अमोस उपदेश सांगत नसे, गात असे, आणि सुरू झाला की लवकर थांबत नसे. त्याने टोपी काढून टपावर ठेवली. “वेस्ली! तिथेच उभा राहा! केस नीट कर!”

“आत्ता?”

“मग काय नाताळात?”

पोशाख जाड कोटावरून चढेना. डॉर्कसने तो शालीसारखा नातीच्या खांद्यांवर टाकला आणि तिला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. अमोसने जुन्या चालीवर, आपल्या बोलीत, सूर लावला. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला होता, देवा, आमची तर फेरीबोटच संपली. तिथे तू येऊन पाण्याचा द्राक्षारस केलास, तर इथेही ये. थंडी आहे, कोट घालून ये. डॉर्कसला हसू आवरेना, तरी तिने ध्रुवपद धरलं. पलीकडून वेस्लीचा बेसूर आवाज मिसळला. शिंगांमागून त्याचं डोकं दिसायचं, लपायचं, पुन्हा दिसायचं.

“बर्निस, हा तुला पसंत आहे?”

“आहे!” ती ओरडली. “आजोबा, आहे!”

कळप विरळ होत गेला. एक पाडस मागे राहिलं होतं. ते रस्त्यावर थांबलं, त्याने एकदा खाली, एकदा वर पाहिलं, आणि आईमागे पळालं.

मधे आता कुणी नव्हतं.