चकचकीत की मंद

चौकटींच्या दुकानात निवारणबाबूंनी नमुन्याच्या दोन फळ्या श्यामलाबाईंसमोर ठेवल्या. एकीवरचं व्हार्निश आरशासारखं चकचकीत, दुसरीवरचं मेण घातलेलं, मंद.

"कुठलं लावू, मा?"

"मंद," त्यांचे यजमान दिगंबरपंत म्हणाले. भवानीपूरपासून ट्रामने चित्र बगलेत धरून तेच आले होते. "माझ्या वडिलांच्या हातचं आहे. उगाच चमचम नको."

"तुम्हाला कोणी विचारलं?" श्यामलाबाईंनी मराठीत फटकारलं. "रविवारी घरी कोण येणार आहे, विसरलात वाटतं."

येणार होते त्यांच्या लेकीला, लीनाला बघायला, मुलाचे वडील. नागपुरात चित्रकलेचे मास्तर. दिगंबरपंतांनी पत्रात मुलीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि चित्राबद्दल दहा. नदीच्या पायरीवर बसून पाण्यात दिवा सोडणारी बाई, वडिलांनी स्वतः रंगवलेली. मास्तरांचं उत्तर आलं, मुलगी तर बघूच, पण चित्र बघायचीही फार इच्छा आहे.

त्याच दिवशी श्यामलाबाईंनी चित्राला नवं व्हार्निश लावून घ्यायचा हट्ट धरला.

वीस वर्षं त्यांनीही तेच मिरवलं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या एकूण एक बाईला त्या चित्रासमोर उभं केलं होतं. मग गेल्या श्रावणात कालिंदीबाईंकडे सत्यनारायणाला गेल्या, तर भिंतीवर तीच बाई. तोच दिवा, तीच लुगड्याची किनार, तीच फुटकी पायरी. खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव.

"कापडावर छापलेलं आहे हो," कालिंदीबाई म्हणाल्या. "एके काळी बाजारात ढिगानं मिळायची. तुमच्याकडचं ते खरं चित्र बघायला एकदा यायचंय मला."

श्यामलाबाई प्रसाद न घेताच उठल्या. घरी येऊन नवऱ्याला अक्षर बोलल्या नाहीत. सासऱ्यांनी थाप मारली, नवऱ्याने ती खरी मानली आणि आपण ती गावभर वाटली. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

"अहो, समोर जाऊन चहा पिऊन या," त्या आता नवऱ्याला म्हणाल्या.

"निवारणबाबूंना एवढंच सांगतो, मी सहा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी..."

"सांगितलंत. अख्ख्या ट्रामला सांगितलंत."

दिगंबरपंत हसले. धोतराच्या सोग्याने चौकट पुसली आणि गेले.

श्यामलाबाई पुढे सरकल्या. हिंदी त्यांची मोडकीतोडकी, पण आवाज एरवी दुकानाबाहेर जाई. आज तो गल्ल्यापलीकडेही जाईना.

"बाबू, चकचकीतच लावा. जाड. वर कुंचल्याचे फराटे दिसले पाहिजेत."

ढाक्याहून उठून आलेल्या त्या म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "फराटे छापील चित्रावर उठवतात, मा. लांबून हाताचं वाटावं म्हणून."

श्यामलाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"आधी हे जुनं व्हार्निश उतरवायला हवं. इतका धूर बसलाय की खाली शाई आहे का रंग, तेच कळत नाही. छापील असेल तर माझ्या औषधाला शाई हलत नाही, तासाभराचं काम. हाताचं असेल तर ते औषध चालत नाही, रंगच सुटून येतो. नखाएवढं नखाएवढं पुसायचं, महिना जाईल. हे कुठलं?"

शेजारी एक गिऱ्हाईक चौकटी उलटसुलट करून बघत होतं. ते ऐकेल म्हणून श्यामलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सासूपुढे, दिरांपुढे, कोणापुढेही न वाकलेली ती मान खाली गेली. 

"छापील," त्या म्हणाल्या.

"पण तुमचे यजमान तर म्हणत होते..."

"त्यांना माहीत नाही. आणि कळताही कामा नये. तुम्हाला तुमच्या लेकरांची शपथ आहे."

निवारणबाबूंनी बाह्या वर सारल्या. त्यांनी चित्र टेबलावर आडवं ठेवलं, बाटली उघडली. दुकानभर उग्र वास सुटला.

"कोपऱ्यापासून सुरू करतो."

"कोपरा कोण बघतंय!" श्यामलाबाईंना आवाज परत सापडला. "चेहरा आधी. मास्तर आत शिरले की पहिल्यांदा चेहराच बघणार. आणि आमचे हे चहा पिऊन यायच्या आत उरका."

निवारणबाबूंनी कापूस भिजवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. कापूस काळापिवळा झाला.

"बघा, किती घाण होती," श्यामलाबाई म्हणाल्या. "पुसा, जोर लावून पुसा."

दुसरा बोळा फिरला. तो गुलाबी होऊन वर आला.

म्हाताऱ्याचा हात जागीच थांबला. चेहऱ्याच्या जागी आता फिकं कापड होतं. त्यावर बघून चित्र उतरवताना आखतात तसे पेन्सिलीचे बारीक चौकोन होते, आणि चौकोनांत हलक्या हाताने काढलेलं एक नाक. आधी चुकलेलं, खोडलेलं, मग जरा खाली, पुन्हा काढलेलं.