अर्ध्या तासाची वाट

मे उजाडला तरी बर्फ काही जाईना. गायी वर कुरणात न्यायच्या दिवसांत पुन्हा घोट्याइतका पडला, म्हणून डोंगरातल्या खाणावळीचा साठीतला मालक गाउडेन्झ सकाळपासून वैतागला होता.

"खालचा बसस्टॉप किती किलोमीटर?" हॉलंडहून आलेल्या हिल्केबाईंनी विचारलं.

"आमच्या डोंगरात वाट किलोमीटरात नाही, वेळेत मोजतात. पोरवयापासून चालतोय मी. अर्धा तास!"

संध्याकाळी बाई गुडघ्यापर्यंत भिजून परत आल्या. बस चुकली, पुढची रेल्वे चुकली, आता नातीचा वाढदिवसही हुकणार होता.

"काय हो, वाटेत ट्यूलिप खुडत बसलात की काय?" गाउडेन्झ भरल्या खाणावळीत मोठ्यानं हसला. "सपाट मुलखातले पाय! उद्या मीच येतो बॅग घेऊन. मग बघा, अर्धा तास म्हणजे किती ते."

बाईंनी ओले मोजे शेगडीपाशी वाळत टाकले.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास उलटला, तासही होत आला, तरी बसस्टॉप दिसेना. गाउडेन्झ धापा टाकत, मान खाली घालून बाईंच्या मागून चालत होता.

 

बॅग बाईंच्या खांद्यावर होती.