ऑर्गनचा भाता

चर्चमधल्या जुन्या ऑर्गनचा भाता म्हातारा लोहार वर्षानुवर्षं हाताने ओढत आला होता. मंडळीला त्याच्या गुडघ्यांची दया आली आणि भात्याला विजेची मोटर बसली. त्या दिवसापासून लोहार उपासनेला फिरकला नाही. “देव घरातही ऐकतो,” म्हणायचा. आज सकाळी ऑर्गन वाजवणाऱ्या बाई दारात उभ्या राहिल्या. “देव ऐकतो हो, पण मोटर बंद आहे. चला.” “तरी सांगत होतो,” पुटपुटत त्याने चपला शोधल्या. पहिल्या कडव्याला सूर डगमगला. दुसऱ्याला त्याचा हात आणि बाईंची बोटं जुळली, मंडळीचा गळा मोकळा झाला. उपासना संपल्यावर तो मोटर बघायला वाकला. प्लग काढून ठेवलेला होता. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई गीतांची पानं चाळत राहिल्या. लोहाराने प्लग पायाने बाकाखाली सरकवला. “बिघाड मोठा दिसतोय, बाई. पुढच्या रविवारीही यावं लागेल.”