वेशीवर थांबलेला लांडगा

या, अशा जवळ सरका. टाळ जरा बाजूला ठेवा, भजन नंतर. आज भवानी पेठेतल्या धनलक्ष्मीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती हळू आवाजातच सांगण्यासारखी आहे.

सकाळपासून शेजारी विरेशच्या दारात सनई वाजत होती आणि धनलक्ष्मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. शाळेत असताना तिनं आणि विरेशनं गच्चीवर बसून, एक पान त्यानं, एक पान तिनं, असं ते वाचून काढलं होतं. रूप पालटणाऱ्यांची गोष्ट. दिवसा माणूस, अंधार पडला की लांडगा होणारा मुलगा, आणि त्याच्यावर जीव लावून बसलेली विणकराची मुलगी. शेवटी त्याचा कळप त्याला कायमचं न्यायला येतो. तो निघतो, गावाच्या वेशीवर थबकतो आणि मागं वळतो.

ते शेवटचं पान ती आज पुन्हा पुन्हा वाचत होती.

“अगं, अजून ती लांडग्याची गोष्ट?” तिची आई सुंदरम्मा दारातून ओरडली. “तिकडं हुग्गीची खीर ढवळायला हात कमी पडायलेत. ऊठ की!”

“आले गं.”

“आणि असलं तोंड घेऊन येऊ नको. पोटात असतानाच त्याच्या आईनं, सावित्रम्मानं, ह्या पोराचा शब्द दिलाय. आज ना उद्या हे व्हायचंच होतं.”

धनलक्ष्मीनं पुस्तक मिटलं. विरेशनं तिला कधी स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. फक्त परवा गच्चीवर म्हणाला होता, “शेवटपर्यंत नाही म्हणता येतं, धना. वैरागच्या माणसांची रीतच हाय. सगळ्यांसमोर एकदा विचारतात.” त्या एका विचारण्यावर तिचा जीव टांगला होता.

घरोघरी निरोप घेत तो त्यांच्याकडंही आला. नुकतीच अंघोळ झालेली, कपाळावरची विभूती अजून ओली. सुंदरम्माच्या पाया पडला. त्याच्या हातावर ठेवायला साखर आणते म्हणून ती आत गेली.

“कुठवर आलीस?” पुस्तकाकडं बघत त्यानं विचारलं.

“वेशीपर्यंत.”

“तो थांबतो ते तवा लई आवडायचं.”

“आणि आता?”

“आता वाटतं, त्या कळपात त्याची आई पण होती की. तिला काय वाटलं असंल?”

“लांडग्याचं राहू दे. तू तुझं सांग.”

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा शिवानंदमामा दारात आला. “चला गडी, वैरागची माणसं आली! काय थाट हाय, घरजावयाला पण मिळत न्हाय असला!” मग धनलक्ष्मीकडं बघून हसला. “पोरी, डोळं भरून बघून घे. एकदा तितला उंबरा चढला की हा आपला न्हाय.”

मांडव गच्च भरला होता. धनलक्ष्मी बायकांच्या मागं, खांबाला धरून उभी राहिली. वैरागहून आलेले थोरले उठले तशी सनई थांबली.

“बाळ, कुणाच्या भिडेनं येत नाहीस ना? अजून मागं फिरता येईल.”

सावित्रम्मानं पदर तोंडाशी धरला. कुणाचं तरी लेकरू रडलं, कुणी तरी त्याला दटावलं. विरेशची नजर गर्दीतून फिरत फिरत धनलक्ष्मीवर आली आणि तिथंच थांबली.

मग त्याची नजर आईकडं गेली.

“मनानं येतोय,” तो म्हणाला.

थोरल्यांनी त्याच्या अंगावर भगवी छाटी पांघरली, कानात नवं नाव सांगितलं आणि हाताला धरून त्याला मांडवात मांडलेल्या वैरागच्या मठाच्या गादीवर बसवलं. सगळ्यांत आधी पुढं झाली सावित्रम्मा. पोटच्या पोराच्या पायांवर कपाळ टेकून म्हणाली, “अप्पाजी, आशीर्वाद असू द्या.” मग शिवानंदमामा. मग सगळी पेठ. धनलक्ष्मीही वाकली, आणि सगळ्यांवर उठला तसाच तिच्यावरही आशीर्वादाचा हात उठला. मायबापहो, रोज भजनात तुम्ही पुष्कळ नावं घेता. त्यात एकदा विरेश हे नाव घ्या. आता ते घेणारं कुणी नाही.